दोन चित्रांच्या मधला चेंडू

बाबांच्या तक्रारीकडे पहिले दहा-बारा दिवस मी लक्षच दिले नाही. गेल्या दिवाळीत इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या घरी पंचावन्न इंची नवा टीव्ही आला, तेव्हा त्याचे सर्वांत जास्त अप्रूप बाबांनाच होते. एके काळी गिरणीच्या संघातून ऑफब्रेक टाकलेल्या या माणसाला आता ब्याऐंशीव्या वर्षी मैदानावर जाणे जमत नाही, आणि क्रिकेट ही त्यांची उरलेली एकमेव चैन आहे. पण पहिल्याच सामन्यात वेगवान गोलंदाजाची तीन-चार षटके झाली आणि ते म्हणाले, "अगं, चेंडू मध्येच नाहीसा होतो." मी विचारले, "बाबा, डोळ्यांत थेंब घातलेत ना?" त्यांनी घातले होते. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊन वर्षे लोटली होती, तेव्हा मी त्यांना पुन्हा तपासणीला नेले. नेत्रतज्ज्ञांनी नजर उत्तम असल्याचा निर्वाळा दिला. परतताना बाबा रिक्षात काहीच बोलले नाहीत, आणि त्या गप्प बसण्याचे मला जास्त वाईट वाटले.

त्या रात्री मी त्यांच्या खुर्चीत, त्यांच्याच अंतरावर बसले आणि फक्त चेंडू पाहायचे ठरवले. एरवी आपण चेंडू पाहत नाही. आपण फलंदाज पाहतो, धावफलक पाहतो, आवाज ऐकतो आणि चेंडू पाहिला असे समजतो. आता पाहिले तर चेंडू गोलंदाजाच्या हातातून स्पष्ट सुटत होता, खेळपट्टीच्या मध्यावर कुठेतरी विरघळत होता आणि फलंदाजापाशी पुन्हा उगवत होता. एक-दोनदा तर त्याच्या शेजारी त्याचाच एक फिकट जुळा भाऊ दिसला. बाबांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

चित्राची स्पष्टता म्हटली की आपल्याला ठिपके मोजायची सवय लागली आहे. एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, फोर-के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६०. दुकानात आम्हाला हेच आकडे सांगितले गेले, आणि पडद्यावर दाखवले गेले ते संथ पोहणारे मासे, दवाने भिजलेली फुले आणि बर्फाच्छादित डोंगर. यातले काहीही ताशी १४० किलोमीटरने धावत नाही. पडद्याची जागा किती बारीक वाटली आहे हे ठिपके सांगतात, पण सेकंद किती बारीक वाटला आहे हे आम्हाला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. खेळ पाहणाऱ्याला मात्र हा दुसरा हिशेब पहिल्याइतकाच, किंबहुना मला वाटते पहिल्याहून अधिक, महत्त्वाचा आहे.

मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर तो हिशेब मांडल्याशिवाय मला राहवले नाही. ताशी १४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३९ मीटर. सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर एका चित्रापासून दुसऱ्या चित्रापर्यंत चेंडू दीड मीटरहून पुढे गेलेला असतो. ५० घेतली, तरी पाऊण मीटरहून थोडा अधिक. हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोचायला चेंडूला सुमारे अर्धा सेकंद लागतो. म्हणजे ५० च्या हिशेबाने त्या संपूर्ण प्रवासाची पंचवीसेक चित्रे आपल्या वाट्याला येतात, आणि २५ च्या हिशेबाने बारा-तेरा. बाकीचा चेंडू कोणीही पाहिलेला नसतो. तो आपल्या मेंदूने जुळवलेला असतो.

मग जुन्या टीव्हीवर चेंडू दिसायचा कसा, हा बाबांचा प्रश्न रास्त होता. १९८७ च्या विश्वचषकाच्या वेळी आमच्या घरी जो खोकेवजा टीव्ही होता, त्याचा पडदा आजच्या पडद्याच्या तुलनेत पाटीएवढा होता. भारतातल्या त्या पद्धतीत चित्र ६२५ रेषांचे असे, त्यांपैकी प्रत्यक्ष चित्र ५७६ रेषांत मावे. सेकंदाला पूर्ण चित्रे २५ च, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येई, आधी विषम क्रमांकाच्या रेषा आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर सम क्रमांकाच्या. हे पन्नास आले घरात येणाऱ्या विजेच्या पन्नास आवर्तनांवरून, आणि अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची म्हणून तिकडे हिशेब साठाचा झाला. या दोन हप्त्यांतल्या रेषा एकाच क्षणाच्या नसतात. मधल्या वेळात चेंडू सरकलेला असतो, म्हणून असे चित्र थांबवून पाहिले की हलत्या वस्तूच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसतात. चालत्या चित्रात मात्र याचाच लाभ होतो, कारण रेषा निम्म्या असल्या तरी डोळ्याला सेकंदाला पन्नास वेगवेगळे क्षण मिळतात.

त्या जुन्या काचेच्या नळीची आणखी एक खोड खेळाच्या पथ्यावर पडत होती. तिच्यावरचा प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून लगेच विझे, त्यामुळे दोन चित्रांच्या मध्ये जवळजवळ अंधार असे. आजच्या सपाट पडद्यावर चित्र पुढचे चित्र येईपर्यंत तसेच तेवत उभे राहते. आपला डोळा मात्र चेंडूबरोबर सरकत असतो, तो थांबत नाही. चित्र उभे आणि डोळा चालता, त्यामुळे जी फरफट होते ती पडद्यावर नसतेच, ती आपल्या डोळ्यांच्या आतल्या पडद्यावर उमटते. पडदा जितका मोठा आणि आपण जितके जवळ, तितकी ती जास्त जाणवते. पाटीएवढ्या टीव्हीवर दिसणारा चेंडू पंचावन्न इंचांवर पुसट का होतो, याचे मोठे कारण हेच आहे.

हा दोष झाकण्यासाठी आजचे टीव्ही जे करतात, त्याने आमच्या घरचा चेंडू गिळला होता. दोन खऱ्या चित्रांची तुलना करून, कोणता भाग कुठून कुठे सरकला याचा अंदाज घेऊन, टीव्ही स्वतःच मधले एखादे चित्र तयार करतो आणि दोन्हींच्या मध्ये बसवतो. कारण प्रामाणिक आहे आणि पुष्कळदा परिणामही सुंदर असतो. कॅमेरा मैदानावरून सावकाश फिरतो तेव्हा हिरवळ लोण्यासारखी सरकते. पण लहानसा पांढरा चेंडू एका चित्रातून दुसऱ्या चित्रात पाऊण मीटर उडी मारतो, आणि त्याच्या मागे प्रेक्षकांचे हजारो पांढरे सदरे असतात. तेव्हा या ठिपक्याचा तो ठिपका झाला हे यंत्राला ओळखता येत नाही. मग ते एक तर चेंडू पुसून तिथे मागची गर्दी रंगवते, किंवा दोन्ही जागी अर्धा-अर्धा चेंडू ठेवते.

हे सेटिंग शोधायला मला एक दुपार लागली. प्रत्येक कंपनी त्याला वेगळे गोंडस नाव देते, आणि आमच्या टीव्हीत ते तीन पायऱ्या खाली, चित्राच्या 'प्रगत' पर्यायांत लपलेले होते. विकत घेतानाच ते चालू होते. ते आहे असेसुद्धा कोणी सांगितले नव्हते. मी ते बंद केले आणि बाबांना हाक मारली. त्यांनी दोन षटके पाहिली आणि म्हणाले, "आता दिसतो. थोडा पुसट आहे, पण आहे."

त्यांचे ते 'पण आहे' मला फार मोलाचे वाटते. पुसट चेंडू कॅमेऱ्याने पाहिलेला असतो. शटर जितका वेळ उघडे होते, तितक्या वेळातला त्याचा खरा प्रवास त्या पुसटपणात साठलेला असतो. शटर सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे राहिले, तर चेंडूची पाऊण मीटर लांब शेपटी उमटते. हजारावा भाग उघडे राहिले, तर चेंडू जेमतेम चार सेंटिमीटर सरकतो आणि गोलाकार दिसतो. दोन्ही खरे आहेत. यंत्राने मध्ये घातलेला गुळगुळीत क्षण मात्र मैदानावर कधी घडलेलाच नसतो, आणि जे घडलेच नाही ते खेळ म्हणून मला दाखवले जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

क्षण आणि ठिपके यांत निवड करायची वेळ येते तेव्हा खेळाच्या बाजूने कौल देणारे लोकही आहेत. अमेरिकेत ईएसपीएनने २००३ मध्ये एचडी वाहिनी सुरू केली, तेव्हा १०८० रेषांऐवजी ७२० रेषांची पद्धत निवडली, कारण तिच्यात सेकंदाला साठ पूर्ण चित्रे मिळत होती. आपल्याकडच्या क्रीडावाहिन्यांचे एचडी बहुतेक १०८० रेषांचे, पण जुन्याच पद्धतीने दोन हप्त्यांत विभागलेले असते, म्हणजे दर पन्नासाव्या भागाला ५४० रेषा. मोबाइलवर किंवा इंटरनेटवरून पाहताना तर या पन्नास क्षणांतले निम्मे वाटेतच गाळले जाण्याचीही शक्यता असते. त्यात जोडणी मंदावली की आधी हिरवळीचे पाते न् पाते पुसले जाऊन तिची हिरवी चटणी होते आणि मग चेंडू जातो. चित्र दाबून लहान करणाऱ्या यंत्रणेला सर्वांत जास्त श्रम हलणाऱ्या बारीक गोष्टींचे पडतात, आणि क्रिकेटमध्ये हलणारी सर्वांत बारीक गोष्ट कोणती हे सांगायला नको.

पाहणाऱ्याच्या सुखापुरता हा प्रश्न राहिला असता तर मी इतके लिहिले नसते. पण चित्र आता निकाल देते. नोव्हेंबर १९९२ मध्ये डर्बनच्या कसोटीत जाँटी ऱ्होड्सच्या फेकीवर सचिन तेंडुलकरला तिसऱ्या पंचाने टीव्ही पाहून धावचीत ठरवले. कसोटी क्रिकेटमध्ये अशा रीतीने बाद झालेला तो पहिला फलंदाज. आम्हा चाहत्यांना तेव्हा हळहळ वाटली ती तो बाद झाल्याची. चित्राने बरोबर सांगितले का, असा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. चित्र म्हणजे पुरावा असे आम्ही सहज मानले होते.

तो विश्वास माझ्यापुरता चिमणबाग मैदानावर डळमळला. माझा मुलगा एका क्लबातून यष्टिरक्षण करतो. गेल्या हिवाळ्यातल्या एका सामन्यात दुसरी धाव घेताना फलंदाजाने बॅट सरकवली, मुलाने बेल्स उडवल्या, आणि पंचांनी नाबाद दिले. संघातला एक राखीव खेळाडू क्रीजच्या अगदी रेषेत, सीमेबाहेर उभा राहून मोबाइलवर चित्रण करत होता. डाव संपल्यावर दोन्ही संघ त्या मोबाइलभोवती जमले. बोटाने एकेक चित्र पुढे सरकवत नेले. एका चित्रात बॅट रेषेच्या वीतभर अलीकडे होती, चेंडू मुलाच्या हातमोज्यांत होता आणि बेल्स जागच्या जागी. त्याच्या पुढच्याच चित्रात बॅट रेषेच्या पलीकडे होती आणि बेल्स हवेत. मध्ये काहीही नव्हते. कोणी तरी मोबाइल घेऊन पुन्हा मागेपुढे केले, दुसऱ्याने चित्र मोठे करून पाहिले. ठिपके मोठे झाले, पण तो क्षण काही सापडला नाही. मोबाइल सेकंदाला ३० चित्रे घेत होता. फलंदाज सेकंदाला सहा मीटर धावत असेल असे धरले, तर दोन चित्रांत बरोबर वीस सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. तावातावाने मोबाइल पुढे करणारा माझा मुलगा शांत झाला आणि पंचांपाशी जाऊन त्यांची क्षमा मागून आला. शंका असेल तर फलंदाज नाबाद, हा जुना संकेत किती शहाणपणाचा आहे हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसले.

मोठ्या मैदानांवर हीच वीत कमी करण्याची धडपड चालू आहे. चेंडूचा मार्ग मोजणारी हॉक-आय पद्धत २००१ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीच्या प्रक्षेपणात पहिल्यांदा दिसली, आणि आज त्या कामासाठी वेगळे जलदगती कॅमेरे लावलेले असतात, कारण प्रक्षेपणाच्या पन्नास चित्रांवर चेंडूचा पुढचा मार्ग बेतता येत नाही. फुटबॉलमध्ये तर अडचण आणखी नाजूक आहे. ऑफसाइड ठरते ते पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणावर, आणि तो क्षण दोन चित्रांच्या मध्ये पडला तर सेकंदाला आठ मीटर धावणारा खेळाडू तेवढ्यात सोळा सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून २०२२ च्या कतारमधल्या विश्वचषकात छताखाली बसवलेले बारा कॅमेरे सेकंदाला पन्नास वेळा खेळाडूंची स्थिती टिपत होते, आणि चेंडूच्या पोटात बसवलेला संवेदक सेकंदाला ५०० वेळा नोंद करत होता. पाय कधी लागला हे तिथे चित्राला विचारलेच जात नाही.

आणि पी. टी. उषाचा विचार आला की मी हातातले काम बाजूला ठेवते. लॉस एंजेलिस, १९८४, चारशे मीटर अडथळ्यांची शर्यत; उषा ५५.४२ सेकंद, रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू ५५.४१. ब्राँझपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेले. या शर्यतीच्या सरासरी वेगाने धरले तर तेवढ्या वेळात धावपटू सुमारे सात सेंटिमीटर जातो. पन्नास किंवा साठ क्षणांच्या टीव्हीला तो फरक पकडता येणारच नव्हता, कारण शंभरावा भाग त्याच्या एका क्षणाच्या पोटात मावतो. तो पकडला अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्याने. हा कॅमेरा संपूर्ण दृश्य पाहतच नाही. एका अरुंद फटीतून तो फक्त रेषा पाहतो, अखंड पाहतो, आणि जे जे रेषेवर येईल ते क्रमाने शेजारी शेजारी मांडत जातो. त्या चित्रात डावीकडून उजवीकडे अंतर नसते, वेळ असतो. धावपटूंची पावले त्यात विचित्र लांबलेली दिसतात, पण कोण आधी आले याविषयी ते चित्र चुकत नाही. आजचे असे कॅमेरे सेकंदाला दहा हजार किंवा त्याहूनही जास्त नोंदी घेतात.

मग सगळेच खेळ सेकंदाला हजार चित्रांनी का टिपू नयेत? पहिली अडचण प्रकाशाची. सेकंदाचे जितके तुकडे कराल, तितका प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला कमी उजेड येतो. दुसरी अडचण दिव्यांची. पन्नास आवर्तनांच्या विजेवरचे जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळून मंदावतात. आपल्याला ते कळत नाही, पण संथ केलेल्या चित्रात सगळे मैदान धडधडू लागते. म्हणून प्रकाशझोत विजेच्या तिन्ही फेजांवर वाटून लावतात, आणि आता स्टेडियममध्ये न लुकलुकणारे एलईडी दिवे येत आहेत. तिसरी अडचण अर्थात पैशाची, तिच्यात मी शिरत नाही.

संथगती चित्राचा हिशेब एरवी अगदी सोपा आहे, जास्त घ्यायचे आणि सावकाश दाखवायचे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाच्या धंद्यात उतरताना याच्या नेमके उलट गणित केले होते. वाटाण्याच्या रोपाचे रोज एकेक चित्र घेऊन त्यांनी महिन्याभराची वाढ काही क्षणांत उलगडून दाखवली होती. डोळ्याला जे फार सावकाश घडते म्हणून दिसत नाही ते त्यांनी दाखवले, आणि जे फार झटकन घडते म्हणून दिसत नाही ते रिप्ले दाखवतो.

त्या रिप्लेची किंमत आम्हाला २५ डिसेंबर १९९७ रोजी नेहरू स्टेडियममध्ये कळली होती. बाबा आणि मी पहाटे डबा घेऊन भारत-श्रीलंका सामन्याला गेलो होतो. तीन षटके झाली, खेळाडू आणि पंच खेळपट्टीभोवती गोळा झाले, आणि खेळपट्टी धोकादायक ठरवून सामना सोडून देण्यात आला. आम्ही मैदानात बसून होतो, पण नक्की काय बिघडले ते गॅलरीतून आम्हाला उमगले नाही. घरी आलो तेव्हा आईने हाताने दाखवले, चेंडू कसा एकदा अंगावर उसळत होता आणि एकदा खालून सरपटत होता. ती घरीच होती आणि तिने सारे पाहिले होते.

धावचीतच्या त्या वादानंतर मुलाने मोबाइलच्या सेटिंगमध्ये सेकंदाला २४० चित्रांचा पर्याय शोधून काढला. डिसेंबरच्या संध्याकाळी साडेपाचनंतर त्यात नुसता राखी अंधार भरतो, कारण ३० च्या तुलनेत प्रत्येक चित्राला उजेडाचा जेमतेम आठवा हिस्सा मिळतो. म्हणून एका रविवारी सकाळी, स्वच्छ उन्हात, त्याने नेटमध्ये आपल्या क्लबच्या ऑफस्पिनरमागे उभे राहून चित्रण केले. "आजोबा, हे बघा," म्हणत त्याने ते घरच्या टीव्हीवर लावले.

फिरकी चेंडू सेकंदाला वीस-पंचवीस गिरक्या घेतो. पंचवीस चित्रांच्या प्रक्षेपणात दोन चित्रांच्या मध्ये जवळजवळ एक पूर्ण गिरकी होऊन जाते, म्हणून शिवण एक तर थबकलेली दिसते किंवा चक्क उलटी फिरताना दिसते, आणि बहुधा दिसतच नाही. इथे प्रत्येक गिरकीची दहा-बारा चित्रे होती. हातातून सुटलेला चेंडू हवेत तरंगत निघाला आणि त्याची पांढरी शिवण जरा तिरकी, डुलत, पण एकाच दिशेने सावकाश फिरत राहिली. बाबा पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आले. तीस वर्षे त्यांनी हाच चेंडू टाकला, आणि आपल्या हातून सुटल्यावर तो हवेत काय करतो हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

"थांब, तिथेच थांबव," ते म्हणाले. मुलाने चित्र थांबवले. बाबांनी कपाटावरचा जुना चेंडू मागून घेतला, तर्जनी आणि मधले बोट शिवणीवर फाकवून ठेवले, पडद्यावरच्या चेंडूकडे पाहत मनगट हळूच वळवले, आणि मग म्हणाले, "आता एक-एक करून पुढे ने."